टाकीच्या बागेतली फांदी

"मॅडम, जरा हिकडं या. काय तरी दावायचंय," तातोबामामा म्हणाले तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते आणि मी स्टेजच्या कमानीला झेंडूच्या माळा बांधत होते.

"मामा, दहा मिनिटांनी आले तर चालेल का?"

"न्हाई. आत्ताच या."

तातोबा कोळेकर हे टाकीच्या बागेतले सर्वांत जुने माळी. सत्तावीस वर्षं त्याच बागेत. मी नगरपालिकेत सहायक उद्यान निरीक्षक म्हणून लागून जेमतेम दहा महिने झाले होते. कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ, पण त्यांनी असं 'आत्ताच या' म्हटलं की मी जायची.

त्या रविवारी बागोत्सव होता. आमच्या शहरात लहानमोठ्या अकरा बागा. त्या सगळ्यांचा मिळून एक उत्सव दरवर्षी फेब्रुवारीत व्हायचा आणि तो भरायचा सर्वांत मोठ्या बागेत. तिच्या मधोमध पाण्याची उंच टाकी होती, म्हणून अख्खं गाव तिला टाकीची बाग म्हणायचं. आठवडाभर रिक्षा फिरत होती, 'प्रवेश मोफत, सहकुटुंब या.' पाकळ्यांच्या रांगोळ्या, पोत्यांची शर्यत, बाहुल्यांचा खेळ, येईल त्याला एक रोप फुकट. आणि साडेनऊ ते अकरा मुलांची चित्रकला स्पर्धा, विषय 'माझी बाग'. दीडशे मुलांची नावं आली होती.

स्पर्धेची जागा होती विलायती शिरीषाखाली. बागेतली सर्वांत दाट सावली तिथलीच. झाड एवढं पसरलेलं, की त्याच्या एका फांदीखाली हिरवळीचा अर्धा तुकडा मावायचा.

मामा मला त्याच फांदीखाली घेऊन गेले. तिथं कापलेल्या गवताची हातगाडी उभी होती.

"ही गाडी काल सांजच्याला हितं अडली," ते म्हणाले. "वरचं गवत फांदीला घासलं. दिवाळीत मी हीच गाडी, एवढंच गवत भरून हितनंच न्हेत हुतो. वर हात केला तरी फांदी लागायची न्हाई."

"गवत जास्त भरलं असेल."

त्यांनी शिडी बुंध्याला लावली आणि धरून उभे राहिले. मी चढले. फांदी जिथं खोडातून फुटते तिथं वरच्या अंगाला साल उकलली होती. खालून काहीच दिसत नव्हतं. मी उकललेल्या जागी बोटं घातली. चारही बोटं आत गेली, पेरापर्यंत नाही, मुळापर्यंत. आत ओलं होतं, आणि लाकूड भिजलेल्या पावासारखं बोटाला चिकटून आलं.

मी खाली उतरले. मामांनी माझ्या बोटांकडे पाहिलं.

"कधी पडेल?" मी विचारलं.

"आज न्हाई तर म्हैन्यानं. न्हाई तर आत्ता. हे झाड वारा नसताना पडतं बगा. दुपारच्या वक्ताला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना."

मला गुरुवारचा कागद आठवला. गुरुवारी शिरगुप्पे साहेबांनी, म्हणजे आमच्या उद्यान अधीक्षकांनी, एक फॉर्म माझ्यापुढे धरला होता. 'बागेतील त्रेसष्ट वृक्षांची प्रत्यक्ष पाहणी केली. धोकादायक वृक्ष अथवा फांदी आढळली नाही.' मला त्या दिवशी मंडपवाल्याकडे जायचं होतं. स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून मी सही केली होती. मान वर करून एकही झाड पाहिलं नव्हतं.

शिरगुप्पे साहेब स्टेजजवळ माइकवाल्याशी हुज्जत घालत होते. माणूस वाईट नव्हता. गेले दोन महिने तो या एका दिवसासाठी धावत होता. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं.

"आज पडणार आहे का?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही, साहेब."

"उद्या?"

"तेही नाही सांगता येत."

"मग मी नगराध्यक्षा मॅडमना काय सांगू? आमच्या माळ्याला स्वप्न पडलंय?"

"मी स्वतः वर चढून बघितलं. चिरेत हात जातोय. स्पर्धा दुसरीकडे घेऊ या."

"कुठं? दुसरी सावली दाखवा मला. पोरांना उन्हात फरशीवर बसवू? पालक मला खातील." त्यांनी घाम पुसला आणि आवाज खाली आणला. "आणि मगदूम, गुरुवारचा कागद फाइलला आहे. तुमच्या सहीचा. त्रेसष्ट झाडं तपासली म्हणून. तो बाहेर काढायचा का आता? दोन महिन्यांनी तुमचं कायम व्हायचं आहे."

मी शिरीषाकडे पाहिलं.

"दीड तासाचा प्रश्न आहे," ते समजुतीनं म्हणाले. "संध्याकाळी दोरी बांधू, उद्या परवानगीचा कागद टाकू. इतके दिवस नाही पडली, दीड तासात काय पडते?"

मला ते पटलं नाही. पण पटल्यासारखं मी मान हलवली आणि परत माळा बांधायला गेले. हे मी लपवत नाही.

नऊ वाजल्यापासून गर्दी लोटली. आजोबांचं बोट धरून आलेली नातवंडं, नव्या साड्या नेसलेल्या बायका, डबे, पाण्याच्या बाटल्या. सरबताच्या टेबलापुढे रांग लागली. साडेनऊला शिरीषाखाली सतरंज्या अंथरून दीडशे मुलं ओळीत बसली. शिट्टी झाली आणि सगळी डोकी एकदम कागदांवर वाकली.

मी मंडपाच्या खांबाला टेकून उभी होते. रोपवाटपाच्या टेबलावर माझं काम होतं, पण डोळे तिकडेच. वारा अजिबात नव्हता. पान हलत नव्हतं. एरवी वारा नसला की बरं वाटतं.

ज्या मुलींचं चित्र लवकर झालं त्या उठून खेळू लागल्या. फांदीचं टोक आता इतकं खाली आलं होतं, की उडी मारली तर पानांना हात लागत होता. सातवी-आठवीतल्या तिघी-चौघींना तो खेळच सापडला. एक पळत यायची, उडी मारायची, पानं ओरबाडायची. मग दुसरी. प्रत्येक उडीला फांदी हलायची आणि हलल्यावर क्षणभरानं थांबायची. मामा धावले, "ए पोरींनो, व्हा तिकडं!" त्या हसत पळाल्या आणि मामांची पाठ वळताच परत आल्या.

माझी भाची मुक्ता दुसऱ्या ओळीत बसली होती. माझ्या ताईची मुलगी, तिसरीत होती. ताईनं सकाळी तिला माझ्या ताब्यात देऊन सांगितलं होतं, "विशाखा, लक्ष ठेव गं, मी अकराला येते." मुक्ता बरोबर फांदीच्या मध्याखाली होती.

दहा वाजता माझ्याच्यानं राहवेना. मी ओळींमधून वाट काढत गेले आणि तिच्या कानाशी वाकले.

"मुक्ता, चल. तुला दुसरीकडे बसवते."

"का? माझं कारंजं अर्धंच झालंय."

"तिकडे जास्त चांगला उजेड आहे."

ती मुकाट्यानं उठली. कागद, पॅड घेतलं. शेजारी तिची मैत्रीण निलोफर बसली होती, दोन वेण्या घातलेली. मुक्ता तिच्याकडे बघून थांबली.

"मावशी, रंगपेटी आम्हा दोघींची एक आहे. निलूला पण घेऊ?"

"घे. चल गं तूही."

निलोफर उठली तशी पलीकडची एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "बाई, मला पण उजेड पाहिजे. मी येऊ?"

मी म्हणाले, "तू बस. तुला नंतर."

आम्ही चार पावलं गेलो. मुक्तानं माझा हात ओढला.

"मावशी, तिला का नाही घेतलं? तिकडे काय आहे?"

मी मागं वळून पाहिलं. चष्मेवाली मुलगी माझ्याकडेच बघत होती. तिच्या डोक्यावर ती चिरलेली फांदी होती, आणि तिला बिचारीला वाटत होतं की मी तिला चांगली जागा दिली नाही.

मी मुक्ताचा आणि निलोफरचा हात धरून त्यांना रोपांच्या टेबलामागं बसवलं, "इथून हलायचं नाही" म्हणून दम दिला आणि जवळजवळ पळतच टाकीकडे गेले. मामा तिथं आले होते. मी काय करायला आलेय ते त्यांना मी न सांगताच कळलं असावं.

हिरवळीला पाणी द्यायला जमिनीत फवारे पुरलेले होते. टाकीतून थेट पाणी, त्यामुळे जोर भलताच. त्याचा व्हॉल्व्ह टाकीच्या पायाशी एका खड्ड्यात होता आणि तो फिरवायची लांब लोखंडी चावी मामांच्या ताब्यात असायची.

"मामा, चावी द्या."

"सरा. मी फिरवतो."

"नाही. तुमची पेन्शन तीन वर्षांवर आली आहे."

"आन् तुमचं काय?"

"द्या म्हटलं ना!"

मी त्यांच्यावर पहिल्यांदाच आवाज चढवला. त्यांनी चावी दिली. चावी व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसेना. तिसऱ्यांदा बसली. मी सगळं अंग टाकून फिरवली.

आधी नळातून गुरगुर आली. मग सतरंज्या जागोजागी फुगल्या आणि त्यांच्या खालून, मधून, बाजूंनी पाण्याचे फवारे उडाले. दीडशे मुलं किंचाळत उठली. रंग सांडले, कागद चिकटले, चपला तिथंच राहिल्या. दोन मिनिटांत शिरीषाखाली एकही मूल नव्हतं. काही मुलांना मजा वाटत होती, ती परत पाण्यात घुसायला बघत होती. मामा चावी हातात घेऊन त्यांना काठीसारखी उगारत हाकलत होते. बाकीची मुलं रडत होती. चष्मेवाली मुलगी चिंब होऊन उभी होती आणि तिच्या हातातल्या कागदावरून हिरवा रंग ओघळून फ्रॉकवर सांडत होता.

पालक धावून आले. "अक्कल आहे का? पोरं आजारी पडली तर?" एक बाई माझ्या दंडाला धरून विचारत होत्या, कारण गळ्यात ओळखपत्र असलेली जवळची मीच.

तेवढ्यात शिरगुप्पे साहेब आले. त्यांच्यामागं नगराध्यक्षा. त्या बक्षीस द्यायला लवकर पोचल्या होत्या.

"व्हॉल्व्ह कुणी उघडला?" साहेबांनी मामांकडे बघत विचारलं.

"मी उघडला," मी म्हणाले.

"चुकून?"

त्यांनी तो शब्द असा उच्चारला की त्यात वाट होती. हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"नाही. मुद्दाम. ती फांदी पडणार आहे. मुलांना हलवायला सांगितलं होतं, कुणी हलवलं नाही."

सगळ्यांनी वर पाहिलं. शे-दोनशे माणसं मान वर करून उभी होती. फांदी हिरवीगार होती. पाण्याचे थेंब पडून पानं चमकत होती. दोन पोपट होते, तेही उडाले नाहीत. पाण्यामुळे आता पडेल, आता पडेल, असं मला वाटत होतं. मिनिटभर गेलं असेल. गर्दीत कुणीतरी हसलं.

"पण गुरुवारी तपासणी झाली होती ना?" नगराध्यक्षांनी साहेबांना विचारलं. "सगळी झाडं ठीक आहेत असा कागद मी स्वतः बघितला आहे."

"ती सही माझी आहे," मी म्हणाले. "मी न बघता केली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखाद्या माणसाकडून आता काही अपेक्षा उरली नाही, तसं.

"म्हणजे गुरुवारी न बघता सही केली आणि आज न विचारता पाणी सोडलं," त्या म्हणाल्या आणि स्टेजकडे चालू लागल्या.

स्पर्धा परत घेतली नाही. दीडशे मुलांना प्रत्येकी एक बिस्किटाचा पुडा दिला. ताई अकराला आली आणि कोरड्या मुक्ताकडे बघून म्हणाली, "बरं झालं बाई, तू हिला आधीच बाजूला बसवलंस."

सोमवारी मला नोटीस मिळाली. एकच कागद, दोन कलमं. खोटा अहवाल दिला आणि सार्वजनिक कार्यक्रमात जाणीवपूर्वक व्यत्यय आणला. गावातल्या पेपरात चौकट आली, 'बागोत्सवात बालचित्रकारांवर पाण्याचा मारा.' मला बागेतून काढून ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. फांदी तोडायचा अर्ज मीच लिहिला, मीच त्यावर आवक क्रमांक टाकला आणि तो वृक्ष समितीच्या पुढच्या बैठकीची वाट बघत पडला. तोवर त्या जागेभोवती दोरी बांधायची, एवढंच ठरलं.

दोरी दुसऱ्याच दिवशी कुणीतरी सोडली. सकाळी व्यायामाला येणाऱ्यांना ती आडवी येत होती. मामांनी परत बांधली. परत सोडली. त्या उड्या मारणाऱ्या पोरींनाही नवी गंमत सापडली, 'पडणारी फांदी' बघायला यायचं आणि खाली उभं राहून दाखवायचं.

पुढचे अकरा दिवस मी रोज सकाळी ऑफिसला जाताना स्कूटी बागेच्या कुंपणाशी थांबवायची आणि आत बघायची. फांदी जागेवर असायची. आणि मला काय वाटायचं, ते मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. मला वाईट वाटायचं. ती अजून पडली नाही, याचं. ऑफिसात सगळे मला 'पाणीवाली मॅडम' म्हणत होते. पडली की त्यांची तोंडं बंद होतील. एकदा तर खाली एक आई आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. मला आधी ती दिसली नाही, फांदी दिसली. 'अजून आहेच,' असं मनात आलं, चरफडून आलं, आणि मग ती बाई दिसली. मी स्कूटी चालू करून निघून गेले. आत जाऊन तिला उठवायला पाहिजे होतं. मला उशीर होत होता.

बाराव्या दिवशी दुपारी सव्वातीनला ऑफिसात फोन आला. फांदी पडली होती. बाग दुपारी बारा ते चार बंद असते, त्यामुळे आत लोक नव्हते. तातोबामामा होते, दोरी परत बांधायला गेलेले.

मोठा भाग त्यांच्यावर आला नाही, बाजूची एक फांदी मांडीवर आली. हाड दोन ठिकाणी मोडलं. मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा पायाला वजन लावून त्यांना पलंगावर निजवलं होतं. त्यांची बायको उशाशी बसून होती. मला बघून मामांचा चेहरा उजळला, खरंच उजळला.

"मॅडम, पडली! ऐकलं न्हवं? तुमचं खरं झालं."

मी पलंगाच्या कडेला धरून उभी राहिले.

"समदी आल्ती बगायला. शिरगुप्पे साहेब बी. आतनं पार कुजल्याली. हात घातला तर भुगा. आता तुमच्यावरचा कागद मागं घेत्यात बगा."

कागद मागं घेतला, पण अर्धा. व्यत्ययाचं कलम गेलं. खोट्या अहवालाचं राहिलं, आणि राहायलाच हवं होतं. मला कायम व्हायला एक वर्ष उशीर झाला. मामा चार महिन्यांनी कामावर आले ते काठी घेऊनच, आणि पुढं निवृत्त होईपर्यंत त्यांना रोपवाटिकेत बसून करायचं काम दिलं. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. त्यानंतर मी एकाही झाडाच्या कागदावर शिडी लावल्याशिवाय सही केलेली नाही.

पण त्या दिवशी दवाखान्यात हे काही माहीत नव्हतं. त्यांची बायको चहा आणायला खाली गेली आणि आम्ही दोघंच उरलो. त्यांच्या आनंदाकडे मला बघवेना.

"मामा," मी म्हणाले, "मी रोज वाट बघत होते ती पडायची."

मला वाटलं, आता ते मान फिरवतील.

"वाट तर मी बी बगत हुतो," ते म्हणाले. "कवा पडती आन् कवा तुमच्या डोईवरचं जातंय, असं झाल्तं."

"तुम्ही?"

"व्हय. म्हणून तर रोज दोरी बांधाया जात हुतो. पडंल तवा खाली कुणी नगं."

मग त्यांनी डोळे मिटले. दुखत असावं. थोड्या वेळानं ते पाण्यासाठी कण्हले, आणि मी भांडं त्यांच्या ओठांना लावलं. निम्मं पाणी त्यांच्या उशीवर सांडलं.